वस्तीसोबत बसून आराखडा करताना: सार्वजनिक शौचालयाच्या निमित्ताने

वीस सीटच्या सार्वजनिक शौचालयाचा नकाशा काढायला अनुभवी वास्तुरचनाकाराला एक दुपार पुरते. दहा सीट पुरुषांच्या, दहा बायकांच्या, मधे भिंत, मागे मलवाहिनी, वर पाण्याची टाकी. अंदाजपत्रकाचा साचाही तयारच असतो. हीच इमारत ती वापरणाऱ्या वस्तीसोबत बसून आखायची म्हटली, तर तीन-चार महिने लागतात. त्या तीन-चार महिन्यांत नेमके काय करायचे, कोणाला कधी भेटायचे, काय विचारायचे आणि काय आपल्याच हातात ठेवायचे, हे वास्तुकलेच्या किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात क्वचितच शिकवले जाते. पुढील मजकूर तरुण वास्तुरचनाकार, पालिकेचे कनिष्ठ अभियंते आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एखाद्या महिला मंडळाने तो वाचून आपल्याकडे येणाऱ्या इंजिनिअरला चार अवघड प्रश्न विचारले, तर अधिकच बरे.

शौचालय हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. समाजमंदिर किंवा बालवाडी थोडी चुकली, तरी लोक निभावून नेतात. शौचालय चुकले तर वर्षाच्या आत त्याच्या निम्म्या दारांच्या कड्या गेलेल्या असतात, टाकी कोरडी असते आणि मुले पुन्हा नाल्याच्या कडेला बसू लागतात. दुसरे कारण असे, की या विषयात शिकण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘स्पार्क’ ही संस्था, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांतून १९८६ मध्ये उभी राहिलेली ‘महिला मिलन’ आणि जोकिन अर्पुथम यांचे नेतृत्व लाभलेला राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ, यांनी मिळून हे काम पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे केले. पुण्यात १९९९ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतील शौचालये बांधण्यासाठी आणि नंतर चालवण्यासाठीही स्वयंसेवी संस्थांना बोलावले. दोन-तीन वर्षांत चारशेहून अधिक शौचालये आणि दहा हजारांहून अधिक सीट उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही ठिकाणी बांधकामाचे कंत्राट घेणाऱ्यांत महिला मिलनच्या बायकाही होत्या. सगळी शौचालये सारखी चालली असे नाही, पण पुढे ज्या गोष्टी सांगणार आहे, त्यांतल्या पुष्कळ त्या कामातून पुढे आलेल्या आहेत.

आधी एक कागद, दोन रकाने

पहिली बैठक बोलावण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात जे ठरून गेले आहे ते लिहावे: जागा कोणती, मंजूर रक्कम किती, मलवाहिनीची पातळी काय, नियमाने किती सीट बांधाव्याच लागतात. दुसऱ्यात जे अजून ठरायचे आहे ते लिहावे: इमारतीचे तोंड कोणीकडे, दारे कशी उघडणार, बायकांच्या, पुरुषांच्या आणि मुलांच्या सीट किती, कपडे धुण्याचा ओटा हवा की नको, महिन्याचा पास किती रुपयांचा, किल्ली कोणाकडे. दुसरा रकाना रिकामा राहत असेल, तर वस्तीत जाऊन ‘तुमचे मत द्या’ म्हणू नये. सरळ सांगावे, की नकाशा पक्का झाला आहे आणि आम्ही तो समजावून द्यायला आलो आहोत. त्यातही प्रामाणिकपणा आहे. लोकांचा राग नकाशावर फारसा नसतो. झालेल्या निर्णयावर आपल्या सह्या गोळा केल्या गेल्या, याचा असतो.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या कार्यालयात होते, तिथून मला एका वस्तीत ‘लोकसहभागाच्या तीन बैठका’ घ्यायला पाठवले होते. नकाशा आधीच मंजूर होता आणि फाईलला तीन हजेरीपत्रके जोडायची होती. तिसऱ्या बैठकीत एका मावशींनी शांतपणे विचारले, “ताई, आम्ही आता नाही म्हटलं तर काय बदलणार?” काहीच बदलणार नव्हते, आणि ते मला बोलताही आले नाही. तेव्हापासून दोन रकान्यांचा कागद मी बैठकीत भिंतीवरच चिकटवते. पहिल्या रकान्यातील एखादी गोष्ट लोकांनी खोडून दाखवली आणि ‘ही जागा ठरली आहे असे म्हणता, पण तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असते’ असे सांगितले, तर तो कागद वॉर्ड ऑफिसात परत न्यायची तयारी हवी.

पैशाचा आकडा याच कागदावर असावा. ‘अमुक लाख’ म्हणून तो कोणाच्या हाती लागत नाही. एक सीट वाढवली तर किती रुपये, एक दरवाजा किती, भिंतीची फरशी तीन फुटांऐवजी पाच फुटांपर्यंत नेली तर किती, अशा वस्तूंच्या भावात तो फोडून लिहावा. घर चालवणाऱ्या बाईला तडजोड शिकवावी लागत नाही. तिला फक्त भाव माहीत असावे लागतात, आणि तेच आपण बहुधा लपवून ठेवतो.

वस्तीने स्वतःला मोजावे

सर्वेक्षण बाहेरच्या मुलांकडून करून घेण्याचा मोह होतो, कारण ते लवकर होते. ते वस्तीतल्याच लोकांकडून करवून घ्यावे. १९८५ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरील रहिवाशांची गणना झाली, ती त्यांच्याच सहभागाने. अशा मोजणीचे महत्त्व आकड्यांपुरते नसते. दारोदार फिरून घरांवर खडूने क्रमांक घालणाऱ्या बायका पुढे बैठकीत त्या आकड्यांच्या मालक म्हणून बोलतात. गल्लीनिहाय घरे, घरटी माणसे, भाडेकरू, म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर बायका आणि सध्या कोण कुठे जाते, एवढे पुरे. भाडेकरूंना वगळण्याचा आग्रह हमखास होतो. तिथे ठाम राहावे. रांगेत भाडेकरूही उभा राहणारच आहे.

मग गणित सगळ्यांसमोर, फळ्यावर करावे. समजा दोनशे घरे आणि हजार माणसे आहेत. पुण्या-मुंबईच्या जुन्या कार्यक्रमांत पन्नास माणसांमागे एक सीट हा हिशेब धरत, म्हणजे वीस सीट. स्वच्छ भारत अभियानातील सामुदायिक शौचालयांचा निकष पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस बायकांमागे एक असा आहे. निम्मे-निम्मे धरले तर पुरुषांच्या पंधरा आणि बायकांच्या वीस, म्हणजे पस्तीस सीट. जागा आणि रक्कम वीसचीच असेल, तर पुढचा प्रश्न रांगेचा. सकाळी पाच ते आठ हे तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. एका माणसाला पाच मिनिटे धरली, तर एका सीटवर छत्तीस आणि वीस सीटवर ७२० माणसे होतात. उरलेल्या २८० जणांचे काय? हा प्रश्न फळ्यावर आला, की बोलणे आपोआप खरे होते. कोणी म्हणते, आमची माणसे रात्रपाळीची आहेत, ती दहाला येतात. कोणी सांगते, बायकांना पाच मिनिटे पुरत नाहीत, पाळीच्या दिवसांत तर मुळीच नाही. आणि बहुतेक ठिकाणी कोणीतरी म्हणतेच, की मुलांना रांगेत कोण उभे राहू देते? मोठी माणसे त्यांना मागे सारतात, म्हणून ती बाहेर बसतात.

मुलांसाठी वेगळ्या, लहान बैठकीच्या, उघड्या हवेशीर सीट, धरायला दांडा आणि जवळ आईला उभे राहायला जागा, ही रचना महिला मिलनच्या शौचालयांत आली, ती याच निरीक्षणातून. मोठ्यांच्या भोकावर लहान मूल घाबरते आणि अंधाऱ्या खोलीत एकटे जात नाही. हे समजण्यासाठी वास्तुकलेची पदवी लागत नाही, मूल वाढवलेले असावे लागते.

बैठकीची वेळ, बैठकीचा प्रश्न

रविवारी सकाळी अकराची बैठक कार्यालयाच्या सोयीची असते. तेव्हा वस्तीतल्या धुण्याभांड्यांच्या कामाला जाणाऱ्या बायका दुसऱ्यांच्या घरी असतात. नळाला पाणी कधी येते ते आधी विचारावे आणि ती वेळ सोडून बैठक ठेवावी. दुपारी दोन ते चार किंवा रात्री नऊनंतर, गल्लीतच, सतरंजी टाकून. मंडळाच्या कार्यालयात बैठक घेतली तर ती मंडळाची होते. बायकांची बैठक स्वतंत्र घ्यावी, आणि मगच एकत्र बैठक. एकत्र बैठकीत बायकांचे म्हणणे त्यांच्यातल्याच दोघींनी मांडावे, आपण त्यांच्या वतीने बोलू नये. जे कोणत्याच बैठकीला येणार नाहीत, म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी कचरावेचक कुटुंबे, तृतीयपंथी रहिवासी, चाकाच्या खुर्चीतली माणसे, त्यांच्या घरी जावे. त्यांचे नाव भर बैठकीत पुकारून त्यांना ‘तुमची काय अडचण?’ असे विचारणे हा उपकार नाही.

‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न टाळावा. त्याला उत्तर म्हणून मागण्यांची यादी येते, आणि ती यादी लोकांनी आधी चार पुढाऱ्यांना दिलेली असते. त्याऐवजी ‘काल सकाळी काय झाले?’ असे विचारावे. किती वाजता उठलात, हातात काय घेऊन गेलात, रांगेत पुढे किती जण होते, आत गेल्यावर बादली कुठे ठेवली, ओढणी कुठे टांगली, परत येताना पाय कुठे धुतले? दहा जणींच्या दहा सकाळी ऐकल्या, की निम्मा आराखडा हातात येतो. शक्य असेल तर एक पहाट स्वतः त्या रांगेजवळ उभे राहून काढावी. वही बाहेर काढू नये, फोटो तर मुळीच नाही.

फक्कीचा नकाशा

कागदावरचा नकाशा बहुतेक माणसांना वाचता येत नाही, आणि तसे कबूल करायला लाज वाटते, म्हणून सगळे मान डोलावतात. त्या मान डोलावण्याला संमती समजण्याची चूक आपल्या क्षेत्रात सर्रास होते. यावर उपाय जुना आहे. फुटपाथवरच्या बायकांनी १९८०च्या दशकात आपल्या भावी घरांचे प्रत्यक्ष मापाचे नमुने बांबू, साड्या आणि जुन्या कापडांनी उभे केले, त्यांत वावरून पाहिले आणि मग चौदा फूट उंचीची खोली व तिच्यात पोटमाळा मागितला. पुढे पुण्यात येरवड्याला केंद्र सरकारच्या ‘जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियाना’च्या निधीतून जुन्या कच्च्या घरांच्या जागीच २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. तिथेही लोकांना घरांचे पर्याय प्रत्यक्ष मापात दाखवले गेले आणि शेजारच्या कुटुंबांनी मिळून आपली रचना ठरवली. कुटुंबाचा वाटा दहा टक्के होता, त्यामुळे मत देणे हा केवळ उपचार नव्हता.

शौचालयासाठी एक पोते फक्की (मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड), सुतळी, चार-सहा बांबू, दोन जुन्या चादरी आणि एक खरा दरवाजा एवढे सामान पुरते. दरवाजा भंगारवाल्याकडून भाड्याने मिळतो. प्रत्यक्ष जागेवर पूर्ण मापात रेघा माराव्यात आणि लोकांना आतून चालायला सांगावे. मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. तीन फूट बाय चार फुटांची खोली फक्कीने आखली होती, दार आत उघडणारे होते. कागदावर त्यात काहीच चूक नव्हती. साठीच्या एक आजी भरलेली बादली घेऊन आत शिरल्या, वळल्या, बादली खाली ठेवली आणि दार लावायला गेल्या, तर दार बादलीला अडले. बादली उचलून त्या मागे सरकल्या, तर टाच बैठकीच्या रेघेवर आली. “आता ही डोक्यावर ठेवू का?” त्यांनी विचारले, आणि सगळी गल्ली हसली. मग एकेक जण आत जाऊन बघू लागली. एकीने कडेवर मूल घेऊन दार लावून पाहिले. दुसरीने गुडघे धरून बसून उठायचा प्रयत्न केला आणि भिंतीवर तिचा हात जिथे गेला, तिथे आम्ही खडूने खूण केली. दांडा तिथेच बसला, आमच्या पुस्तकातल्या उंचीपेक्षा बराच खाली.

दार बाहेर उघडायचे ठरवले, तर मधली वाट रुंद करावी लागते आणि त्याच जागेत दोन सीट कमी होतात. हा हिशेब तिथेच, फक्कीवर उभे राहून मांडला. तासभर बोलणे झाले. शेवटी बायकांच्या बाजूची दारे बाहेर उघडावीत आणि तिकडची एक सीट कमी करावी, पुरुषांच्या बाजूला दारे आतच ठेवावीत, असे ठरले. पुरुष बहुधा टमरेल घेऊन जातात, बादली नाही. मला स्वतःला ही दोन बाजूंना दोन तऱ्हा असलेली इमारत काढायला जड गेले, कारण नकाशात समतोल असावा असे वर्षानुवर्षे मनावर ठसलेले असते. पण ती तक्रार माझी होती, वापरणाऱ्यांची नव्हती.

फक्कीवर उभे राहिल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. खिडकी रस्त्याच्या बाजूला असेल तर तिचा खालचा काठ किती उंच हवा, दाराखालची फट किती असली म्हणजे टारगट पोरे वाकून बघणार नाहीत आणि पाणीही वाहून जाईल, दिव्याचे बटण आत हवे की बाहेर, पाळीच्या कापडांसाठी आणि पॅडसाठी झाकणाची बादली प्रत्येक खोलीत हवी की बाहेर एक. बैठकीची दिशा हाही असाच प्रश्न आहे. शौचाला बसताना किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड किंवा पाठ करू नये असे मुस्लिम कुटुंबे मानतात, आणि आपल्याकडे किब्ला पश्चिमेला येतो, म्हणून मिश्र वस्तीत बैठका दक्षिणोत्तर बसवल्या की कोणाचीच अडचण होत नाही. नकाशावर हा बदल फुकट आहे. बांधकाम झाल्यावर तो भिंती फोडल्याशिवाय होत नाही.

वस्ती एक नसते

‘समुदायाचे म्हणणे’ असे काही सहसा नसते. शौचालय हवे असते सगळ्यांना, पण आपल्या दाराशी नको असते. तिथे बहुमताने निर्णय घेणे सोपे आणि अन्यायाचे ठरते, कारण वास सोसणारी चार घरे नेहमीच अल्पमतात असतात. अशा वेळी त्या चार घरांशी वेगळे बोलावे आणि त्यांच्या अटी आराखड्यात घ्याव्यात. वायुनलिका छतापेक्षा उंच नेणे, चेंबरचे झाकण त्यांच्या उंबऱ्यापासून दूर ठेवणे, त्यांच्या बाजूची भिंत आंधळी, म्हणजे बिनखिडकीची ठेवणे, तिथे रात्रभर दिवा देणे. वाऱ्याची दिशा नकाशावरच्या बाणाने कळत नाही. स्वयंपाकाचा धूर कुठे जातो ते तिथल्या बायकांना विचारावे. वाद चिघळला तर नगरसेवकाला मध्ये घालण्याची घाई करू नये. त्यांचा निर्णय लवकर होतो, पण तो पुढे पाच वर्षे कोणाचा तरी म्हणून ओळखला जातो.

लोक म्हणतील ते सगळे मान्य करणे म्हणजेही सोबत काम करणे नव्हे. सेप्टिक टँक लहान करून त्या पैशात समोर कमान बांधा, असे कोणी म्हणाले तर नाही म्हणावे आणि कारण सांगावे: टाकी किती दिवसांत भरेल, उपसायला किती खर्च येईल, विहीर किंवा बोअर किती अंतरावर आहे. उतरत्या वाटेचे गणितही लोकांसमोर ठेवावे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हा उतार लागतो. म्हणजे जोते दीड फूट उंच असेल, तर अठरा फूट लांब वाट हवी आणि ती जागेत बसत नाही. जोते नऊ इंचांवर आणले तर नऊ फुटांत भागते. पण मग पुराचे पाणी आत येईल का? याचे उत्तर कार्यालयात नसते. मुंबईच्या बहुतेक सखल वस्त्यांत २६ जुलै २००५ रोजी पाणी कुठवर चढले होते, ते भिंतीवर हात ठेवून दाखवणारी माणसे आजही आहेत. ती पातळी आणि दरवर्षीच्या पावसाची पातळी, अशा दोन्ही खुणा करून घ्याव्यात आणि जोते दुसरीच्या वर ठेवावे.

न विचारता आखले की काय होते, याचे मोठे उदाहरण मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. भूकंपात टिकणारी घरे मिळाली, पण पुष्कळ नवी गावे चौकटी आखलेल्या रुंद सरळ रस्त्यांवर बसली आणि जुनी आळी, भावकीची शेजारघरे, ओट्यावरून ओट्यावर चालणारे बोलणे विखुरले. त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा आठवला जात नाही. ज्या गावांत घरे दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे मालकांनी स्वतः काम करवून घेतले आणि हजाराहून अधिक गावांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे आणलेल्या गावातल्याच बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून अभियंता आणि घरमालक यांच्यामधले काम केले. एकाच आपत्तीत, एकाच सरकारी योजनेत, दोन्ही रीती शेजारी शेजारी चालल्या होत्या.

जे साफ करणार आहेत ते

या माणसांना सगळेच विसरतात, वस्तीसुद्धा. रोज शौचालय धुणाऱ्या कामगाराला आणि मैला उपसणाऱ्या गाडीच्या चालकाला आराखडा दाखवल्याशिवाय तो पक्का करू नये. कोपरे गोल हवेत, कारण काटकोनात खराटा पोहोचत नाही. पाईप लावायला नळ प्रत्येक बाजूला हवा. फरशीचा उतार दाराकडे न येता मोरीकडे जायला हवा. खराटा, फिनेल, गमबूट ठेवायला कुलपाचे कपाट हवे आणि हातपाय धुवायला, कपडे बदलायला आडोसा हवा. गाडी कोणत्या वळणापर्यंत येते आणि तिचा पाईप किती लांब पोहोचतो, हे चालकालाच विचारून टाकीची जागा ठरवावी. टाकी पाईपच्या टप्प्याबाहेर गेली, की कोणाला तरी आत उतरवले जाते. हाताने मैला साफ करवण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते बंद केले आहे, तरी टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्यांतल्या काही टाक्या नकाशावरच चुकीच्या जागी काढलेल्या असू शकतात, हे आपल्या व्यवसायाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

पास, किल्ली आणि कंत्राट

चालवण्याचा प्रश्न इमारत उभी राहिल्यावर घेऊ, असे म्हणू नये. तो आराखड्याचाच भाग आहे. दर वेळी एक रुपया घेतला, तर पाच जणांचे कुटुंब दिवसातून एकदा गेले तरी महिन्याला दीडशे रुपये होतात, आणि मग मुलांचा रुपया वाचवला जातो. पुण्यात महिला मिलनने कुटुंबाचा मासिक पास ठेवला, सुरुवातीला वीस रुपयांच्या आसपास. आजचा आकडा वेगळा असेल. तो वीज, पाणी, फिनेल, देखभाल करणाऱ्याचा पगार आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम यांची बेरीज करून, घरांच्या संख्येने भागून, फळ्यावर काढावा. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला वरच्या मजल्यावर खोली दिली, तर रात्रीही माणूस हजर राहतो आणि पगाराचा बोजा कमी होतो. ही खोली मग कागदावर सुरुवातीपासून हवी. वीजजोडणी कोणाच्या नावावर घ्यायची, हे क्षुल्लक वाटणारे काम सर्वांत जास्त महिने खाते. घरगुती दराने मिळते का, याची चौकशी पहिल्याच महिन्यात सुरू करावी.

बैठकांत जे ठरले ते निविदेत उतरले नाही, तर ते ठरलेच नाही असे समजावे. ‘दार बाहेर उघडणारे’, ‘दांडा अमुक इंचांवर’, ‘बैठका दक्षिणोत्तर’ ही वाक्ये परिमाणपत्रकात (कामाच्या बाबी आणि मापे यांच्या यादीत) आणि नकाशावर, दोन्हीकडे हवीत. त्यांची मराठी प्रत वस्तीत लावावी. कंत्राटदाराने आधी एकच खोली पूर्ण बांधावी, अगदी कडी आणि खुंटीसह, आणि वस्तीने ती पाहून मंजूर केल्यावरच बाकीच्या घ्याव्यात, अशी अट घालता येते आणि घालावी. देखरेखीला चार बायकांची समिती पुरते. त्यांना सिमेंटच्या गोण्या मोजायला, विटा भिजवल्या का ते पाहायला आणि नव्या भिंतीवर रोज पाणी मारले जाते का ते बघायला एका दिवसात शिकवता येते. ‘बाई, तुम्हाला यातले काय कळते’ असे मुकादम पहिल्या आठवड्यात म्हणतो. त्या आठवड्यात आपण तिथे असावे.

कागदपत्रांची एक फाईल वस्तीत राहू द्यावी. तीत नकाशे, गाडलेल्या पाईपांचे बुजवण्यापूर्वी काढलेले फोटो, मोटारीची पावती आणि हमीपत्र, प्लंबरचा क्रमांक असावा. दहा वर्षांनी चेंबर तुंबेल, तेव्हा आपण तिथे नसू.

सहा महिन्यांनी आणि मग एका पावसाळ्यानंतर, कॅमेरा न घेता परत जावे. तक्रारी विचारण्याआधी आत फिरून लोकांनी आपल्या हाताने काय बदलले आहे ते पाहावे: कुठे खिळा ठोकला आहे, कुठे बादलीखाली वीट ठेवली आहे, कोणत्या खिडकीला पोते लावले आहे, कोणती सीट कायमची बंद करून तिथे झाडू ठेवले आहेत. प्रत्येक खिळ्याची उंची मोजून वहीत लिहावी. मी पाहिलेल्या त्या शौचालयात बायकांच्या बाजूला नऊ खोल्यांत नऊ खिळे होते, सगळे आमच्या खुंटीच्या वीतभर खाली, कारण आमची खुंटी बायकांच्या हाताला उंच पडत होती. फक्कीवर आम्ही खरा दरवाजा नेला होता, पण खुंटी लावून पाहिली नव्हती.